‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ लिहिण्याआधी: शेती-पर्यावरणाच्या नवख्या संशोधकांसाठी

कपाशीचा उत्पादनखर्च काढायला आम्ही वऱ्हाडातल्या एका गावात गेलो होतो. ओसरीवर खाट, खाटेवर शेतमालक, समोर प्लास्टिकच्या खुर्चीत मी आणि मांडीवर चौदा पानांची प्रश्नावली. निंदण किती वेळा केलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘दोनदा.’’ आतून, दाराच्या चौकटीआडून आवाज आला, ‘‘चारदा.’’ तो जरा वैतागला. ‘‘मजूर दोनदाच लावले होते नं!’’ उरलेले दोन वेळा तिनं आणि तिच्या सासूनं निंदलं होतं, आठ-आठ दिवस. मजुरी दिली नव्हती म्हणून तो खर्च नव्हता, आणि खर्च नव्हता म्हणून त्याच्या हिशेबात तो नव्हताच. मी ‘चार’ लिहिलं. पण तोवर त्या गावातली बावीस घरं उरकली होती आणि बावीसही ठिकाणी मी खाटेवरच्या माणसालाच विचारलं होतं.

हमीभावाच्या वादात आपण ‘ए-२ अधिक एफएल’ म्हणतो. ए-२ म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून प्रत्यक्ष गेलेला खर्च. त्यातलं एफएल म्हणजे घरच्या माणसांचे श्रम. ते श्रम कोणाला विचारून मोजले यावर आकडा हलतो. म्हणजे हा विषय निव्वळ न्यायाचा किंवा सहानुभूतीचा नाही, आकडा बरोबर येण्याचा आहे. कृषी विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधाला हात घातलेले विद्यार्थी, एखाद्या संस्थेत पाणलोटाचं किंवा जंगलाचं सर्वेक्षण पहिल्यांदाच करणारी मुलंमुली यांच्यासाठी हे लिहितोय. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे, तेव्हा ‘महिला’ शब्द घातलेले प्रस्ताव भराभर निघतील. शब्द घालणं सोपं आहे. काम कसं बदलायचं ते पाहू.

एक व्याख्या आधीच उरकून टाकतो. शरीरानं बाई किंवा पुरुष असणं म्हणजे लिंग. बाईनं काय करायचं, काय मागायचं नाही, कुठं बसायचं, कशाला हात लावायचा नाही, हे समाजानं ठरवलेलं असतं, तो लिंगभाव. नांगराला बाईनं हात लावू नये हे काही शरीरातून येत नाही. संशोधनात आपल्याला या दुसऱ्या गोष्टीशी काम आहे.

पायरी १: आधी कामांची यादी, प्रश्नावली नंतर

पीक कोणतंही असो, गावात गेल्यावर पहिल्या दिवशी प्रश्नावली पिशवीतच ठेवा. कोरा कागद घ्या आणि पेरणीच्या आधीपासून पैसे हातात पडेपर्यंतची सगळी कामं एकाखाली एक लिहा. समोर चार रकाने पाडा: काम कोण करतं, कधी आणि किती वेळ, ठरवतं कोण, पैसा कोणाकडे जातो किंवा कोणाकडून येतो. हा कागद एकदा पुरुषांबरोबर भरा, एकदा बायांबरोबर. दोन कागद जुळणार नाहीत. जुळले तर समजा की दुसरा गट पहिल्या गटातल्या लोकांच्या देखत बोलला.

कपाशीचा असाच भरलेला एक कागद मी जपून ठेवलाय. सरकी टोबणं, म्हणजे बी टोचून पेरणं, बायांचं. डवरणी, म्हणजे ओळींमधली कोळपणी, पुरुषांची, कारण बैल पुरुषाच्या ताब्यात. निंदण बायांचं. खताच्या गोण्या पुरुष आणणार, झाडाच्या बुडाशी मूठमूठ खत टाकणार बाया. फवारणी पुरुषांची, पण टाकी भरायला पाणी वाहून आणणार बाया. पहिल्या वेचणीला सीतादहीची पूजा, मग वेचणी सगळी बायांची, किलोवर. गाडी भरणं, बाजार समितीत किंवा जिनिंगला नेणं पुरुषांचं, आणि चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, ज्याच्या नावावर पट्टी त्याचा. कागदावर बोट फिरवत खाली आलं की दिसतं: रोख पैशाला हात लागण्याची वेळ जवळ येते तसतशी बाई यादीतून बाहेर जाते.

ही यादी कुठल्या पुस्तकातून उतरवून घेऊ नका. भात लावणाऱ्या कोकणातली यादी वेगळी, उसाच्या पट्ट्यातली वेगळी, एकाच गावात मराठ्यांच्या घरातली आणि बौद्ध वस्तीतली वेगळी. काही घरांत बाईनं परक्याच्या शेतात जाणं कमीपणाचं, काही घरांत तिच्या मजुरीवरच चूल.

पायरी २: प्रश्न कोणाचा आहे ते ठरवा

‘निंदणीचा खर्च कमी करणे’ हे उद्दिष्ट असलेले किती प्रबंध असतील, देव जाणे. जमीनमालकासाठी निंदणी हा खर्च आहे. भूमिहीन बाईसाठी ती खरिपातली मजुरी आहे, कित्येक आठवड्यांच्या किराण्याची सोय. आणि घरच्या शेतात फुकट निंदणाऱ्या सुनेसाठी ती कमरेचं दुखणं आहे. तणनाशक आलं की पहिल्याचा फायदा, दुसरीचा तोटा, तिसरीची सुटका. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तुमच्या अभ्यासानं तणनाशकाची शिफारस करावी की करू नये, ते मी सांगत नाही. फक्त या तिघांपैकी कोणाचा प्रश्न तुम्ही सोडवताय ते पहिल्या पानावर लिहा, आणि उरलेल्या दोघांचं काय होईल ते मोजायला एक तरी रकाना ठेवा.

वाणांच्या संशोधनात हीच चूक आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेली आहे. १९६४ साली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. एकरी उतारा चांगला, ताट बुटकं, पीक लवकर हाती. टंचाईच्या दिवसांत या ज्वारीनं लोकांची पोटं भरली, हे नाकारायचं कारण नाही. पण दाणा भरताना पाऊस आला की तो काळा पडायचा, कडबा कमी, आणि भाकरी? आमच्या आजीच्या तोंडी ‘हायब्रीड’ हा शब्द आयुष्यभर शिवीसारखाच होता. ‘ज्वारी हायब्रीड झाली आणि माणसंही’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. हेक्टरी क्विंटल मोजले गेले. पिठाला चिकटपणा आहे का, भाकरी थापताना कडा फाटतात का, सकाळची भाकरी दुपारी शेतात सोडल्यावर मऊ असते का, कडबा जनावर आवडीनं खातं का, याची मोजदाद करणारी माणसं चुलीपुढं होती आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मोहोळला निवडून काढलेली मालदांडी ३५-१ इतकी जुनी असून रब्बीत अजून टिकून आहे, त्यामागं हा चुलीपुढचा निकालही आहेच.

म्हणून वाणाचा अभ्यास असेल तर गुणांची यादी दोन ठिकाणी करा: बांधावर आणि स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरातले गुण ‘गुणवत्ता’ या एका शब्दात गुंडाळू नका, वेगवेगळे लिहा.

पायरी ३: नमुना निवडताना सातबाऱ्याच्या भरवशावर राहू नका

नवखे संशोधक बहुतेक इथंच अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

गावातले ‘शेतकरी’ कोण, हे ठरवायला आपण तलाठ्याकडून खातेदारांची यादी घेतो किंवा एखाद्या योजनेच्या लाभार्थ्यांची. दोन्हींच्या मुळाशी सातबारा. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातल्या वहितीधारकांत बाया १४ टक्क्यांच्या आत-बाहेर, पाच वर्षांपूर्वी त्या १३ टक्क्यांहून थोड्या कमी होत्या. उलट गावाकडच्या काम करणाऱ्या बायांपैकी साधारण चारातल्या तिघी शेतीत आहेत, हे केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात वर्षानुवर्षं दिसतंय. म्हणजे खातेदारांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून शंभर नावं काढलीत तर पद्धत अगदी शास्त्रशुद्ध, आणि नमुन्यात शेतात राबणाऱ्या बाया नावापुरत्या.

बरं, ज्यांची नावं यादीत आहेत त्यांचंही नीट पाहा. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला. तरी सातबारा उघडला की जुन्या नोंदींत ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणून थोरला भाऊ, आणि बहिणींची नावं ‘इतर हक्कात’. पुढं एखाद्या राखीपौर्णिमेला किंवा दिवसकार्याला हक्कसोडपत्रावर सही होते आणि ती नावंही जातात. विधवेचं नाव वारसनोंदीनं चढतं, पण शेत दीर कसतो. उलट, कर्जाच्या किंवा योजनेच्या सोयीसाठी बायकोच्या नावावर दोन एकर केलेले असतात आणि तिला गट नंबरही माहीत नसतो. शेतकरी संघटनेनं १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम हाती घेतली, बायकोच्या नावावर जमीन करायला नवऱ्यांना तयार केलं. तशा गावांत गेलात तर यादी वेगळी दिसेल, आणि तिथंही विचारावं लागेल की नाव चढल्यावर पुढं काय झालं. नाव, ताबा, कष्ट आणि पैसा या चार गोष्टी चार माणसांकडे असू शकतात.

मग करायचं काय? मालकीऐवजी कामावरून यादी करा. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणातली शेतकऱ्याची व्याख्या यासाठी उपयोगी पडते: तिच्यात कूळ, बटईदार, शेतमजूर, पशुपालक, मासेमार, वनोपज गोळा करणारे सगळे येतात. मार्गदर्शक प्राध्यापकांनी भुवया उंचावल्या तर हे धोरण पुढं करा. आशाताई, अंगणवाडीताई आणि बचत गटाच्या सीआरपी (गावातल्याच समूह कार्यकर्त्या) अशा दोघी-तिघींना बसवून गल्लीवार घरं लिहून काढली तर दोन दिवसांत यादी होते. त्यांना विधवा, टाकलेल्या, नवरा शहरात कामाला असलेल्या बायांची घरंही ठाऊक असतात, जी खातेदारांच्या यादीत सापडणारच नाहीत. या ताईंच्या वेळेचे पैसे द्या. ‘गावातल्याच आहेत, करतील’ हा फुकट श्रमांचाच आणखी एक प्रकार.

घरं निवडली की बहुतेक घरांत दोन जणांशी बोलायचं ठेवा, एक बाई आणि एक पुरुष, वेगवेगळं. घरं कमी करावी लागली तरी चालेल. माझ्या मते दोनशे घरांतल्या दोनशे पुरुषांपेक्षा शंभर घरांतली शंभर जोडपी जास्त शिकवतात. ‘नमुना कमी झाला’ म्हणून संख्याशास्त्राचे सर कुरकुरतील, त्यांच्याशी भांडा.

आणि मोजण्याचं एकक तपासा. ऊसतोडीत बीड, नगरकडच्या टोळ्या ‘कोयत्यानं’ मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर दिली जाते आणि बहुतेक वेळा नवरा घेतो. अभ्यासात ‘पन्नास कोयते’ लिहिलं की पन्नास पुरुष मोजले जातात आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई अर्ध्या कोयत्यात मावून जाते. ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा होऊन २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तोवर उसावर किती टनांचे अभ्यास होऊन गेले असतील.

पायरी ४: वेळ आणि जागा

सकाळी अकराला ग्रामपंचायतीत बैठक ठेवली की बाया येत नाहीत. मग अहवालात लिहिलं जातं, ‘महिलांचा प्रतिसाद कमी’. अकराला बाई शेतात असते, घरी असली तर धुण्याला. आणि ग्रामपंचायतीच्या सभागृहात खुर्च्यांवर पुरुष बसले की ती भिंतीला टेकून खाली बसणार, डोक्यावर पदर घेणार आणि काहीही बोलणार नाही.

वेळ त्यांनाच विचारा. शेतात दुपारची न्याहारी सोडायच्या वेळेला झाडाखाली अर्धा तास मिळतो, तोही रोजावर असतील तर मुकादमाच्या मर्जीनं. निंदण, वेचणी, लावणी ऐन भरात असताना लांब मुलाखती ठेवूच नका. आमच्या अनुभवात संध्याकाळी चूल पेटायच्या आधीचा किंवा रात्री जेवणं आटोपल्यावरचा वेळ बरा, पण रात्री मुली प्रगणक म्हणून पाठवायच्या तर राहण्याची, परत येण्याची सोय आधी करावी लागते. मुली प्रगणक ठेवणं गरजेचं आहेच. त्यांना गावात स्वच्छतागृह कुठं मिळेल हेही ठरवून ठेवा. हे कोणत्याही पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात नसतं आणि दिवसभर पाणी न पिता काम करणाऱ्या मुली आठवड्यात आजारी पडतात.

नवरा शेजारी येऊन बसला तर? हाकलता येत नाही. दोघंजण जा. एकानं त्याला गोठा, मोटार, पाइपलाइन दाखवायला सांगायचं. पुरुषाला मोटारीबद्दल विचारलं की पाऊण तास निश्चिंत! सासू बसली असेल तर अवघड आहे, ती मोटार दाखवायला जात नाही. तिथं सासूलाच आधी विचारा, ती स्वतः सून होती त्या काळातलं. ती बोलती झाली की सून आपोआप दुरुस्त्या करायला लागते.

पायरी ५: विचारायचं कसं

‘‘शेती कोण करतं?’’ ‘‘मालक.’’ ‘‘तुम्ही काय करता?’’ ‘‘काही नाही, घरीच असते.’’ हे सांगताना तिच्या हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे असतात. ती खोटं बोलत नाही. ‘करणं’ या शब्दाचा अर्थ तिच्या घरात तसाच आहे. म्हणून ‘शेती करता का’ असं विचारू नका. ‘‘काल पहाटे उठल्यापासून सांगा,’’ म्हणा. एक आडवा कागद, त्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंतचे तास, आणि मूठभर चिंचोके. एका तासाला एक चिंचोका. तो पाणी, स्वयंपाक, गोठा, शेत, पोरं यांपैकी कुठं ठेवायचा ते तिनं ठरवायचं. दोन कामं एकाच वेळी चालत असतील, म्हणजे पोर कडेवर आणि हातात खुरपं, तर चिंचोका दोन्हींच्या मध्ये. याच पद्धतीनं नवऱ्याचाही दिवस मांडा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायांची त्यात दिवसाला २९९ मिनिटं गेलेली दिसली, पुरुषांची ९७. २०२४ ला ते २८९ आणि ८८ झाले. हे देशाचं झालं. तुमच्या गावातले चिंचोके वेगळं सांगतील, विशेषतः विहिरी आटल्यावर. म्हणून हा खेळ वर्षातून निदान तीनदा, तीन हंगामांत करा.

निर्णयांबद्दल विचाराल तर दोघांचंही उत्तर एकच येईल: ‘‘दोघं मिळून घेतो.’’ हे पाहुण्यापुढं ठेवायचं उत्तर आहे. त्याऐवजी शेवटचा प्रसंग विचारा. गेल्या वर्षी सोयाबीन पेरलं, ते कधी ठरलं? कोण आधी बोललं? तूर आंतरपीक घ्यायचं कोणी म्हटलं? कोणाचं ऐकलं गेलं नाही? बियाणं आणायला कोण गेलं, कोणत्या वाणाची पिशवी आली, सांगितली तीच आली का? तसंच पैशांचं. ‘‘घरात आर्थिक व्यवहार कोण पाहतं’’ हे कोर्टातलं वाक्य झालं. ‘‘शेवटची शेळी कधी विकली? व्यापाऱ्यानं नोटा कोणाच्या हातात दिल्या? त्यातून काय आणलं?’’ असं विचारलं की गोष्ट येते. हे मोजमाप इतर ठिकाणच्या अभ्यासांशी ताडून पाहायचं असेल तर २०१२ पासून ‘शेतीतील महिला सक्षमीकरण निर्देशांक’ वापरात आहे. तो अभ्यासा, पण त्याचे प्रश्न जसेच्या तसे उतरवून घेऊ नका, आधी चार घरांत चाखून बघा.

नवरा-बायकोची उत्तरं वेगळी आली तर सरासरी काढू नका. तो म्हणतो दोन एकर तूर, ती म्हणते एक. हा फरक चूक म्हणून पुसायचा नसतो, लिहून ठेवायचा असतो. त्याच्या डोक्यात सातबाऱ्यावरचं क्षेत्र असतं, तिच्या डोक्यात सोंगायला लागलेले दिवस.

पायरी ६: प्रयोग, बी आणि अवजारं

शेतावरचा प्रयोग कोणाच्या शेतात घेता? रस्त्याला लागून, विहिरीचं पाणी असलेल्या प्रगतिशील शेतकऱ्याच्या. तो असतोच ठरलेला, दर गावात एक. विधवेच्या कोरडवाहू तुकड्यावर निदान काही प्रयोग घ्या, कारण जो वाण तिथं तगेल त्याचा उपयोग जास्त लोकांना आहे. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायांना घरच्या जमिनीतला एखादा एकर मागून घ्यायला शिकवलं, तिथं खाण्याची पिकं आधी. असा ‘तिचा एकर’ प्रयोगाला मिळाला तर निर्णयही तीच घेते आणि निकालही तीच सांगते.

पीक उभं असताना दोन्ही गटांना फिरवा. वाणांच्या नावांऐवजी काठ्यांना रंगीत चिंध्या बांधा, बायांना एका रंगाचे दाणे द्या, पुरुषांना दुसऱ्या, आणि आवडत्या ओळीपुढच्या वाटीत टाकायला सांगा. काढणीनंतर तेच शिजवून. बियाण्याचा अभ्यास असेल तर घरात बी कोण राखतं, कशात ठेवतं, कोणाला देतं हे स्वतंत्रपणे विचारा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणं जपल्याबद्दल. गावोगावी अशा बाया आहेत, फक्त त्यांच्या गाडग्यांना नोंदवही नाही.

अवजारांचं थोडक्यात: वजन, मुठीचा घेर, दांड्याची उंची, आणि ते ओढायला की ढकलायला लागतं, या चार गोष्टी बाईच्या हाती देऊन तपासा. आणि साडी नेसून तपासा. प्रयोगशाळेत पँट घातलेल्या विद्यार्थ्यानं चालवलेलं सायकल कोळपं काष्ट्यात किती अडकतं ते शेतातच कळतं. परभणीच्या विद्यापीठात गृहविज्ञानाच्या समन्वित प्रकल्पात आणि भुवनेश्वरच्या केंद्रीय कृषिरत महिला संस्थेत या विषयावर काम झालं आहे, सुरुवात तिथल्या मोजमापांपासून करता येईल. दुसरी बाजूही बघा: निंदणाचं यंत्र बायांसाठी म्हणून येतं आणि इंजिन बसलं की पुरुषांच्या हातात जातं.

पायरी ७: पाणी, कुरण, जंगल

पर्यावरणाच्या अभ्यासात ‘गाव’ हे एकक असतं आणि गावाच्या नावानं पुरुष बोलतात. पाणलोटाचं उदाहरण घ्या. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे आपल्याकडच्या पाणलोट विकासाचे नावाजलेले नियम. डोंगर हिरवे होतात, विहिरींना पाणी वाढतं, हे खरं आहे. पण बंदीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत शेळ्या कुठं चारायच्या? शेळी म्हणजे बाईचं एटीएम. ती विकावी लागली की हातचा पैसा गेला. सरपणाला दोन मैल जास्त चालावं लागतं. पुढं पाणी वाढलं की बागायत वाढतं, निंदणही वाढतं आणि ते कोण करणार हे पहिल्या पायरीतल्या कागदावर लिहिलेलं आहेच. तेव्हा भूजलाची पातळी मोजताना सरपणाच्या खेपा आणि घरटी शेळ्याही मोजा, प्रकल्पाच्या आधी आणि नंतर. पुरंदरच्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीऐवजी माणसांमागं बांधला आणि भूमिहीनांनाही वाटा दिला. वाटपाचा नियम कशाला बांधलाय, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक पाणी-अभ्यासात हवा.

समितीत ‘महिला सदस्य : होय’ एवढ्यावर थांबू नका. अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या वनसमित्यांचा अभ्यास केला. एखाद-दुसरी बाई असून फरक पडत नाही, त्या साधारण तिसरा हिस्सा झाल्या की बैठकीत येऊ लागतात, बोलू लागतात, असं त्यांना दिसलं. वनहक्क कायद्यात वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचा असतो आणि ग्रामसभेच्या हजेरीत एक तृतीयांश बाया लागतात. गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये काम कराल तर ठरावाच्या वहीतल्या सह्या आणि अंगठे मोजा, मग त्या बायांना विचारा की ठराव कशाचा होता.

पायरी ८: खर्चाचा तक्ता

प्रस्तावात ‘लिंगभाव’ शब्द पाच वेळा आणि खर्चाच्या तक्त्यात शून्य वेळा असेल तर काही होणार नाही. महिला प्रगणकांचा प्रवास आणि मुक्काम, ताईंचं मानधन, बैठकीत पोरं सांभाळणारी एक बाई, रोज बुडवून येणाऱ्या मजुरांची भरपाई, दुसऱ्यांदा गावात जाण्याचा खर्च, हे सगळं ओळीओळीनं लिहा. एका प्रस्तावात मी ‘मुले सांभाळणे’ असं लिहिलं होतं तर लेखा विभागानं त्यावर गोल करून ‘संशोधनाशी संबंध काय?’ असं विचारलं. उत्तरादाखल मी आधीच्या वर्षीची हजेरी जोडली. पैसे मिळाले, अर्धे.

एक जबाबदारीची गोष्ट. जमिनीचे, पैशांचे, मारहाणीचे प्रश्न विचारून तुम्ही संध्याकाळच्या एसटीनं निघून जाता, ती त्याच घरात राहते. ‘‘तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे का?’’ या साध्या प्रश्नावरून रात्री वाद पेटू शकतो. काय विचारणार ते आधी सांगा, नको म्हणाली तर पान उलटा, आणि गावातल्या कुठल्या ताईकडे किंवा संस्थेकडे मदत मिळते ते माहीत करून घेतल्याशिवाय असे प्रश्न काढू नका.

पायरी ९: निष्कर्ष परत न्या

प्रबंध ग्रंथालयात जातो. निष्कर्ष गावात जाऊ द्या, मराठीत, मोठ्या कागदावर, बायांच्या बैठकीत वेगळे आणि पुरुषांच्या बैठकीत वेगळे. हे उपकार म्हणून नाही. तुमच्या चुका तिथंच निघतात.

त्या कपाशीच्या गावात आम्ही दुसऱ्या वर्षी परत गेलो. बावीस घरं पुन्हा केली होती, या वेळी दोघांशी बोलून. समाजमंदिराच्या भिंतीवर कामांचा तक्ता लावला: टोबणीपासून चुकाऱ्यापर्यंत, बायांचे तास लाल, पुरुषांचे निळे. बाया बघत होत्या, एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. फवारणीच्या ओळीत सगळी निळी पट्टी, शेवटी पाणी वाहण्याचा लाल ठिपका. मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, ‘‘अन् त्याचे कपडे कोन धुते?’’ औषधानं भिजलेले शर्ट-पँट ती हातानं धूत होती, बाकीच्या धुण्याबरोबर, ज्या हौदावर पोरं आंघोळ करतात तिथं. दोन हंगामांत, चौदा पानांत आम्ही हे विचारलं नव्हतं. पेनानं फवारणीखाली एक ओळ वाढवली आणि तिथल्या तिथं हात वर करायला सांगितलं. एकतीस बाया होत्या, एकोणतीस हात वर आले.